शंकर पाहायचा असेल तर फ्लेमिंगोंकडे पाठ करा

जानेवारीतल्या एखाद्या रविवारी सकाळी उजनी धरणाच्या काठावर, कुंभारगावला, नुसतं उभं राहून माणसं बघा. पुण्या-मुंबईच्या गाड्या, तोफेसारख्या लेन्स, पोरांच्या गळ्यात नव्याकोऱ्या दुर्बिणी, आणि झाडून सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ असते, ती पाहायलाच सगळे आलेले असतात. त्यात काही चूक नाही. पण या गर्दीच्या पाठीमागे, फार तर तीस-चाळीस पावलांवर, शेतकऱ्याच्या मोटरीच्या पाइपाला जिथे गळती लागलेली असते, तिथल्या चिखलात चिमणीएवढा एक पक्षी टुणटुण उड्या मारत किडे वेचत असतो. मान वर केली की गळ्याखाली निळा रंग चमकतो, आणि त्या निळ्याच्या मधोमध विटकरी ठिपका. हा शंकर. इंग्रजीत ब्लूथ्रोट.

यादीच्या हिशेबाने शंकर दुर्मिळ नाही. दर हिवाळ्यात तो आपल्याकडे येतो. पण पाणथळीच्या काठाकाठाने दहा वर्षं हिंडलेल्या कित्येकांना तो धड दिसलेला नसतो, कारण तो पाणकणसाच्या बुंध्याशी, बेशरमीच्या जाळीत, उसाच्या पहिल्या सरीत वावरतो आणि माणूस चालत आला की दोन उड्यांत आत जातो. मला स्वतःला तो चौथ्या खेपेला दिसला. पहिल्या तीन खेपा मी चालण्यात घालवल्या. ज्यांनी आजवर गॅलरीतल्या कबुतरांपलीकडे काही पाहिलेलं नाही, त्यांच्या निदान त्या तीन खेपा वाचाव्यात म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी पक्षी डोक्यात बसवा

नर ओळखायला सोपा वाटतो: निळा गळा, त्यावर तांबूस ठिपका, निळ्याच्या खाली काळसर पट्टा आणि त्याखाली पुन्हा तांबूस पट्टा. चित्रात तरी असंच असतं. प्रत्यक्षात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तो निळा पुष्कळदा फिकट पिसांखाली अर्धामुर्धा झाकलेला असतो आणि सावलीत तर तो निळा आहे हेसुद्धा कळत नाही. मादीच्या गळ्यावर निळा जवळपास नसतोच. पांढुरका गळा आणि छातीवर काळ्या ठिपक्यांची माळ, एवढंच.

म्हणून निळा रंग विसरा आणि दोन गोष्टी पाठ करा. एक, डोळ्यावरची ठसठशीत पांढुरकी भुवई. दोन, शेपटी. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग, मधली पिसं आणि टोक काळपट. पक्षी उडून झुडपात शिरतो त्या अर्ध्या सेकंदात तुम्हाला त्याची पाठ आणि शेपटीच दिसणार असते. दबकत, जमिनीलगत उडालेला तपकिरी पक्षी आणि शेपटीच्या बुडाशी विटकरी झळक, एवढं दिसलं तर समजा की काम झालं. आता फक्त त्याच्या परत येण्याची वाट पाहायची.

नावाचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. याला निळकंठी असंही म्हणतात. पण गावात जाऊन ‘नीळकंठ कुठं दिसतो’ असं विचारलंत तर लोक तुम्हाला विजेच्या तारेवर बसलेला चास दाखवतील, पंखात निळाई असलेला, कबुतरापेक्षा थोडा लहान. बिचारे बरोबरच सांगतात. तुम्ही मोबाइलवर चित्र दाखवा, किंवा त्याहून बरं म्हणजे तो कसा वागतो ते सांगा. शेतात राबणाऱ्या माणसाला पक्ष्याचं नाव नसेल माहीत, पण त्याची चाल नक्की माहीत असते.

महिना कोणता, आणि धरणात पाणी किती

शंकर सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरायला लागतो आणि एप्रिलपर्यंत परत जातो. त्याचं विणीचं घर युरोपच्या उत्तरेपासून सायबेरियापर्यंत पसरलेलं आहे, आणि आपल्याकडे लडाखमध्येही तो घरटी करतो. जूनमध्ये लडाखला गेलेले मित्र सांगतात की तिथे तो झुडपाच्या शेंड्यावर बसून मोकळ्या गळ्याने गातो, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलासुद्धा करतो. नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींना तर एप्रिलमध्ये बोरूच्या बेटांवर तो असाच उघड्यावर दिसतो, फक्त तिथल्या नराच्या गळ्यावरचा ठिपका पांढरा असतो. आपल्याकडे मात्र तो भाडेकरूसारखा राहतो. भिंतीला धरून, आवाज न करता.

पहिल्या खेपेसाठी मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सुचवेन. नराचा निळा तोवर खुललेला असतो, पहाटेची थंडी हाडात शिरत नाही आणि फ्लेमिंगोही असतात. डिसेंबरमध्ये धुकं इतकं दाट पडतं की साडेआठपर्यंत समोरची बाभूळही दिसत नाही. मार्चअखेर रंग सर्वांत सुंदर, पण नऊ वाजता ऊन चटका देतं आणि काठ पार पुढे सरकलेला असतो.

हा काठ सरकण्याचा हिशेब समजून घ्या, कारण शंकर सापडणं त्यावर अवलंबून आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा. वर्तमानपत्रात ‘उजनी शून्य टक्के’ असं येतं तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं, फक्त वापरायचं पाणी संपलेलं असतं. पाऊस चांगला झाला की धरण शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि डिसेंबरपर्यंत पाणी थेट उसाच्या बांधाला लागलेलं असतं. त्या वर्षी शंकर उसाच्या कडेला आणि बेशरमीत शोधायचा. पाऊस कमी झाला, जसा २०२३ साली झाला होता, की जानेवारीतच टक्केवारी उणे व्हायला लागते, पाणी लांब जातं आणि मागे मैलभर भेगाळलेला गाळ उरतो. मग सगळं जीवन गाळात खोदलेल्या चाऱ्यांच्या, म्हणजे चरांच्या, कडेला गोळा होतं. निघायच्या आदल्या दिवशी ही टक्केवारी बघून निघा. मी हवामानाचा अंदाज एक वेळ बघत नाही, पण ही बघतो.

बरोबर काय न्यायचं

दुर्बीण हवीच. ८×४२ घ्या. यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जितका मोठा तितका उजेड जास्त. पहाटेच्या अंधुक उजेडात, झुडपाच्या सावलीत पाहायचं असल्यामुळे उजेड महत्त्वाचा. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण नवख्याच्या हातात थरथरते. पहिल्यांदा विकत घेऊच नका, कुणाची तरी उसनी न्या.

दुर्बीण डोळ्यांना जुळवून घ्यायची असते, हे मला दोन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. उजवा डोळा मिटा, डाव्याने लांबच्या खांबाकडे बघत मधलं चाक फिरवून चित्र स्वच्छ करा. आता डावा मिटा, आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या भिंगापाशी असलेलं छोटं कडं फिरवून उजव्या डोळ्याचं चित्र स्वच्छ करा. झालं. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असलेल्या रबरी वाट्या खाली दाबा, नाहीतर आयुष्यभर दोन काळे गोल दिसत राहतील.

घरी गच्चीवर एक सराव करा. समोरच्या झाडावरच्या एकाच पानाकडे टक लावून बघा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. नवखा माणूस मान खाली घालतो, दुर्बीण शोधतो, लावतो आणि मग पक्षी शोधत बसतो. तोवर शंकर गेलेला असतो.

कपडे मळखाऊ. पांढरा शर्ट नको, आणि करकर वाजणारं जर्किन तर मुळीच नको. माझ्या दुसऱ्या खेपेच्या अपयशाचं खापर मी अजूनही एका नारिंगी जर्किनवर फोडतो. जुने बूट घाला, चिखलात गेले तरी रडू येणार नाही असे. बसायला पोतं किंवा जुनी सतरंजी, हातात एक काठी, पाणी, टोपी, वही-पेन. कॅमेरा पहिल्या खेपेला गाडीत ठेवा. हे कुणी ऐकत नाही, मला माहीत आहे.

जायचं कसं

पुण्याहून सोलापूर रस्त्याने उजनीकाठचं भिगवण सुमारे शंभर किलोमीटर. स्वारगेटहून एसटी मिळते, पण सूर्योदयाला काठावर असायचं असेल तर एकतर स्वतःच्या गाडीने पहाटे साडेचारला निघा, नाहीतर आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करा. कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी या काठच्या गावांत राहण्याजेवणाची सोय करणारी घरं आहेत, आणि त्यातले बरेच जण मूळचे मच्छीमार. त्यांच्यातलाच एखादा वाटाड्या म्हणून घ्या. पैसे आधी ठरवा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मला फ्लेमिंगो नंतर, आधी चिखलाच्या कडेला दोन तास बसायचंय. तो चमत्कारिक नजरेने बघेल. बघू द्या.

गळती शोधा

या सगळ्या लेखात एवढंच वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

शंकरला तळं लागत नाही. त्याला लागते ओली, मऊ, उघडी माती, आणि तिच्यापासून दोन उड्यांवर दाट आडोसा. माती उघडी हवी कारण तो जमिनीवरच किडे, अळ्या, कोळी टिपतो. आडोसा जवळ हवा कारण वर भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो. खुल्या गाळाच्या मैदानात शेकाटे आणि तुतवार फिरतील, शंकर येणार नाही. नुसत्या दाट पाणकणसात तो असेलही, पण तुम्हाला दिसणार नाही. दोन्ही जिथे एकमेकांना भिडतात ती शिवण शोधायची.

उजनीच्या काठावर ही शिवण शेतकऱ्यांनी तयार करून ठेवली आहे. काठाकाठाने शेकडो मोटरी आहेत, पाणी मागे सरकलं की शेतकरी पाइप आणि केबल वाढवत मोटर पुढे नेतात, आणि तेवढ्याने भागलं नाही की मोटरीपर्यंत पाणी आणायला गाळात चारी खोदतात. पाइपाचे जोड गळतात. सायकलची ट्यूब गुंडाळून बंद केलेल्या जोडातून थेंब थेंब पाणी महिनोन् महिने ठिबकत राहतं. आजूबाजूचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या तरी त्या जोडाखाली ताटाएवढी, कधी अंगणाएवढी जागा ओली राहते. तिथे लव्हाळा उगवतो, मागे बेशरमीचं बेट वाढतं, चिलटं घोंगावतात. शंकरसाठी ही खानावळच.

तेव्हा काठावर पोचल्यावर पाण्याकडे पाठ करा आणि जमीन वाचायला लागा. मोटरीची जागा, गळका जोड, चारीची कड, लसूणघासाचा नुकता भिजवलेला वाफा, उसात पाणी सोडलेला पाट, गावच्या हापशाचं सांडपाणी जिथे मुरतं तो खड्डा. अशा पाच-सहा जागा हेरा. प्रत्येक ठिकाणी जवळ न जाता, वीसेक पावलांवरून चिखल बघा. बारीक पावलांच्या जोड्या उमटल्या आहेत का? धोबी चालतो, त्याची पावलं एकाआड एक पडतात. शंकर बहुधा उड्या मारतो, त्यामुळे दोन-दोन पावलं शेजारी शेजारी. चिमण्याही उड्याच मारतात म्हणा, पण मोटरीपाशी, बेशरमीच्या बुंध्यात एकटीच चिमणी ये-जा कशाला करेल?

मोटरी कुणाच्या तरी आहेत हे विसरू नका. मालक दिसला तर राम राम करा आणि बसण्याची परवानगी मागा. माझा चौथ्या खेपेचा शंकर अशा एका मामांमुळेच दिसला. तासभर मी काठाने येरझाऱ्या घालत होतो, ते स्टार्टरच्या पेटीपाशी तंबाखू मळत बघत होते.

“काय घावंना व्हय पाव्हणं? फ्लेमिंगू तिकडं हायेत की.”

मी म्हटलं, मामा, फ्लेमिंगो नको, एक बारका पक्षी आहे, जमिनीवर उड्या मारतो, थांबला की शेपूट वर करतो.

“त्ये व्हय! त्ये रोज सकाळचं मोटरीपाशी असतंय. तुमी त्याच्या जाग्यावरच हुबं ऱ्हायलाय.”

खरंच मी त्याच्या जाग्यावर उभा होतो.

दोन धोक्यांकडे लक्ष द्या. मोटरीच्या केबल गाळातून, पाण्यातून उघड्या टाकलेल्या असतात, कुठे कुठे जोड नुसत्या चिकटपट्टीने बांधलेले. त्यांना हात लावू नका, ओलांडताना पाय देऊ नका, आणि ओल्या जागी मोटर चालू असेल तर लांबच थांबा. दुसरं, उसाच्या कडेला आणि पालापाचोळ्यात घोणस असते. काठी आपटत चाला, हात कुठेही घालू नका, अंधारात बॅटरी वापरा.

आणि गाळ. वरून वाळलेला दिसतो, पापुद्र्याखाली लोण्यासारखा असतो. काठी टोचून बघा, वीतभर सहज आत गेली तर तिथे पाय नाही ठेवायचा. मी गुडघ्यापर्यंत गेलो होतो. पाय बाहेर आला, बूट अजून उजनीतच आहे.

बसा

जागा ठरली की पंधरा-वीस पावलं मागे, सूर्य पाठीशी येईल असे बसा. उभे नाही, बसा. पाठीमागे बांध, बाभळीचं खोड, दगडांचा ढीग, काहीतरी असू द्या म्हणजे तुमची आकृती आकाशावर उठून दिसत नाही. पोतं टाका, कोपर गुडघ्यावर टेकवा, दुर्बीण छातीपाशी धरून ठेवा. मोबाइल बंद. कुजबुजसुद्धा नको.

पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग हळूहळू जागा तुम्हाला विसरते. आधी वंचक बगळा येऊन चारीत उभा राहतो. वटवट्या कणसाच्या दांड्याला आडवा लटकून जातो. गप्पीदास समोरच्या काटकीच्या अगदी टोकावर येऊन बसतो, उडतो, किडा टिपतो आणि पुन्हा त्याच टोकावर. याला बघून नवखे हमखास उसळतात. उसळू नका. टोकावर बसणारा तो गप्पीदास, बुंध्याशी वावरणारा तो शंकर.

मग कधीतरी बेशरमीच्या मुळाशी, सावली आणि ऊन मिळतात त्या रेषेवर, काहीतरी हलतं. शंकर एकदम बाहेर येत नाही. आधी आतल्या आत दोन उड्या मारतो, थांबतो. मग कडेला येतो, ताठ उभा राहतो, शेपूट झटकन वर उचलून किंचित पसरतो आणि खाली करतो. पाय लांब, काटकुळे. त्या ताठ उभं राहण्यात एक ऐट असते, शाळेत पाठांतर म्हणायला उभ्या राहिलेल्या पोरासारखी. मग उघड्या चिखलात तीन-चार उड्या, एक पान चोचीने उलटवणं, काहीतरी गिळणं आणि पुन्हा आत. सगळं मिळून वीस सेकंद.

या पहिल्या वीस सेकंदांत हलू नका. दुर्बीणसुद्धा उचलू नका, नुसत्या डोळ्यांनी तो कुठून आला आणि कुठे गेला ते बघून ठेवा. तो त्याच वाटेने पुन्हा येतो, पाच मिनिटांनी, फार तर पंधरा. तो आत गेलेला असताना दुर्बीण डोळ्यांना लावून त्याच भोकावर नेम धरून बसा. दुसऱ्यांदा तो सरळ तुमच्या चित्रात येऊन उभा राहील. सकाळची तिरपी उन्हं गळ्यावर पडली आणि त्याने मान वळवली तर तो निळा कसा दिसतो हे मी लिहीत नाही, तुमचं तुम्ही बघा.

सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास सर्वांत चांगले. दोन जागा बदलून पाहा, पण एका जागी निदान चाळीस मिनिटं द्या. हा पक्षी हिवाळाभर आपला तुकडा धरून राहतो, त्यामुळे आज पावलं दिसली आणि पक्षी दिसला नाही, तर उद्या सकाळी नवी जागा शोधू नका. तिथेच जा.

आवाज ओळखता आला तर सोपं जातं. झुडपातून ‘टक्, टक्’ असा कोरडा, दोन गारगोट्या आपटल्यासारखा आवाज येतो. वटवट्यांचेही आवाज थोडे तसेच असतात, त्यामुळे नुसत्या आवाजावरून वहीत नोंद करू नका. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारी मर्लिनसारखी ॲप आहेत. त्यांचा उपयोग कान टवकारण्यापुरता करा.

दिसला तो शंकरच का?

सर्वांत मोठी फसगत चिरकाच्या मादीशी होते. तीही तपकिरी, तीही जमिनीवर, तीही शेपूट वर करते. फरक असा की चिरकाचा तांबूस रंग शेपटीखाली, बुडाला असतो आणि शेपूट वर झाल्यावर दिसतो. शंकरचा विटकरी शेपटीच्याच दोन्ही बाजूंना असतो आणि उडताना दिसतो. चिरकाला भुवई नसते. शिवाय चिरक कोरड्या दगडधोंड्यातला पक्षी, ओल्या चारीत सहसा उतरत नाही.

वटवट्यांना भुवई असते, पण छातीवर माळ नसते आणि ते जमिनीवर असे ताठ उभे राहत नाहीत. धोबी लांबट, सतत शेपूट खालीवर हलवणारा, उघड्यावर चालणारा. हे तिघं आणि मघाचा गप्पीदास, या चौघांना आधी नीट ओळखा, म्हणजे पाचवा आपोआप वेगळा पडतो.

हे मात्र करू नका

मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला वाटतं की त्याच्या हद्दीत दुसरा घुसला, आणि तो खाणं सोडून शोधाशोध करत बसतो. काही छायाचित्रकार चिखलात अळ्या टाकून ठेवतात, काही जण फोटोत आड येतो म्हणून लव्हाळा उपटतात. तो लव्हाळा म्हणजेच त्याचा आडोसा होता, दुसऱ्या दिवशी तिथे शंकर का नव्हता याचं मग यांना आश्चर्य वाटतं. आठ जणांचं टोळकं करून जाऊ नका. दोघं पुरे, तिसरा फार तर घरचा.

ऊन चढल्यावर

साडेनऊ-दहा वाजले की शंकर आत जातो. आता खुशाल फ्लेमिंगोंकडे तोंड करा. होडीत बसा, चित्रबलाक, मोर शराटी, नदी सुरय, नशीब असेल तर पट्टकादंब, सगळं बघा. मात्र होडीत चढण्याआधी लाइफ जॅकेट मागा आणि अंगात घालून बांधा. नुसतं मांडीवर धरून बसणारे खूप दिसतात. मे २०२४ मध्ये याच उजनीत, कळाशी-कुगावच्या दरम्यान, वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. वारा सुटला असेल तर होडीवाल्याला आग्रह करू नका. आणि पक्ष्यांचा थवा उडवून दाखव म्हणून तर अजिबात नको.

दुपारी जेवायला चिलापी. तव्यावरची, तिखटात घोळवलेली, बाजरीच्या भाकरीबरोबर. उजनीत हा मासा इतका झालाय की त्यावर इथली कितीतरी घरं चालतात. जेवणानंतर दोन तास ताणून द्या, चार-साडेचारला पुन्हा त्याच गळतीपाशी. संध्याकाळी तो पुन्हा बाहेर येतो, फक्त आता सूर्य उलट्या बाजूला असतो, तेव्हा तुमची बसायची जागाही बदला.

उजनी लांब पडत असेल तर हीच युक्ती दुसरीकडे चालते. पुणेकरांना लोणी काळभोरजवळ मुळा-मुठेवरचा कवडीपाट आहे, पाण्याचा वास सहन करायची तयारी हवी. नाशिककरांना निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर, २०२० साली राज्यातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलेलं. मराठवाड्यात जायकवाडीचा काठ. सगळीकडे शोधायचं तेच: पाट, गळती, ओली कड, शेजारी आडोसा.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा, नर की मादी, काय करत होता. ‘सकाळी ७.२०, डिकसळच्या बाजूला तिसरी मोटर, नर, ठिपका विटकरी, चारीत उतरून तीनदा आत-बाहेर’ एवढं पुरे. घरी आल्यावर ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, यादी भरली तर उत्तम. तिथे फक्त शंकर न लिहिता त्या तासाभरात ओळखता आलेले सगळे पक्षी लिहा, कावळे-साळुंक्यांसकट. जे ओळखलं नाही ते सोडून द्या. आणि नाही दिसला तर तेही वहीत लिहा, तारीख आणि धरणाच्या टक्केवारीसकट. पुढच्या वर्षी तीच नोंद कामाला येते.

गेल्या फेब्रुवारीत मी पुन्हा त्या मामांच्या मोटरीपाशी गेलो. जोड नवा घातलेला होता, रबराचा, चांगला घट्ट. खालची जमीन ठणठणीत, लव्हाळा वाळून पिवळा पडलेला. मी जरा खट्टू होऊन पोतं गुंडाळायला लागलो तर मामा पेटीमागून म्हणाले, “हितं न्हाई आता. त्यो वरच्या अंगाला बसतुया, लसणाच्या वाफ्यात. तिथला पाट फुटलाय.”